अंबाड्यातला आकडा

दारात भंगारवाल्याने तराजू उचलला, तेव्हा मी पारड्यातून जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, त्याला वीज पुरवणारा डबा, काढून घेतला.

“मेलाय तो डबा,” आमचे हे म्हणाले. “मी स्वतः प्लग लावून पाहिला, ढिम्म हलला नाही. आणि घरात तुझी ही रेडिओगिरी आता पुरे.”

लग्नाआधी मी रेडिओ दुरुस्ती शिकले होते. माझी सोल्डरिंग गनही ह्यांनी अशीच भंगारात घातली होती. तेव्हा मी गप्प बसले होते.

सुट्या भागांतून जुळवलेला माझा अ‍ॅम्प्लिफायर दारापुढच्या ओट्यावर तयार होता. त्याला बारा व्होल्ट हवे होते. त्याच्या वायरी मी डब्याच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींना जोडल्या, प्लग लावला. खरंच काही झालं नाही. हे हसले.

“मेला नाही तो,” मी म्हणाले. “कॉम्प्युटरने हुकूम दिल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही, अशी सवय लावलीय त्याला.”

तो हुकूम हिरव्या वायरीतून यायचा. अंबाड्यातला आकडा काढून त्याची टोकं मी डब्याच्या मोठ्या प्लगमधल्या हिरव्या आणि काळ्या वायरींच्या भोकांत खुपसली. डब्यातला पंखा गरगरला. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला.

ह्यांनी पुढे येऊन आकडा उपसला आणि खिशात टाकला. पंखा थांबला. भंगारवाला तराजू धरून आमच्याकडे बघत राहिला.

मी अंबाड्यातून दुसरा आकडा काढला आणि तिथेच खुपसला. केस पाठभर सुटले.

“काढा,” मी म्हणाले. “आत डबीभर आहेत.”