आप्पांचा दहीभात

पिंडाला कावळा शिवत नव्हता.

गोदाकाठी जानेवारीचं दाट धुकं होतं. कुंभमेळ्यासाठी रंगवलेले कठडे त्यात अर्धे बुडाले होते आणि पलीकडची देवळं तर कुणी पुसून टाकल्यासारखी गायब होती. कावळे मात्र होते. समोरच्या पत्र्यावर अंग फुगवून बसले होते. काठावर रोजच पिंडांची पंगत, त्यांना कसली घाई?

"आप्पा, आईची काळजी करू नका," शेखर हात जोडून म्हणाला. "गाळा मी नीट चालवीन."

पंचवटीतला फुलांचा गाळा हा आप्पांचा जीव की प्राण. पण गाळ्याचं नाव काढूनही पत्र्यावर काही हललं नाही.

शेखरची बायको उज्वला मागे उभी होती. आप्पा गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. उभ्या उभ्या डोळा लागायचा आणि धुक्यातून घर दिसायचं. तीन पायांचा कुत्रा, म्हणून त्याचं नाव रिक्षा, आप्पांच्या चपलांवर हनुवटी टेकून पडलेला. आंधळी मांजर यमी तांदळाच्या डब्यावर. आग्रा रोडवर टेम्पो उलटला त्यातून वाचलेली शेळी बेबी रिकाम्या खाटेखाली रवंथ करतेय. सगळी कशी गप्प, जणू घरच श्वास घेतंय.

रस्त्यात लंगडंपांगळं जे दिसेल ते उज्वला पदराखाली घालून घरी आणायची. वकीलही तसाच आला होता. वकील म्हणजे पंख मोडलेला कावळा. काळा कोट आणि तोंडाला खळ नाही, दुसरं नाव शोभलंच नसतं. पंख जुळला, डावा पाय मात्र वाकडाच राहिला. एका सकाळी आप्पांनी स्वतः त्याला टोपलीत घातलं आणि घाटावर नेऊन सोडलं. "घरात कावळा? उद्या गिधाड आणशील!" उज्वला त्या दिवशी जेवली नव्हती.

"माणसांचं घर आहे की पांजरपोळ?" हा आप्पांचा रोजचा सकाळचा श्लोक. तो म्हणून झाला की मफलर गुंडाळून ते घाटावर फिरायला जायचे. निघताना साळूबाई, म्हणजे उज्वलाच्या सासूबाई, दहीभाताचा पितळी डबा त्यांच्या हातात द्यायच्या.

"दम्याच्या माणसाला दही कशाला, आई?" उज्वलानं एकदा विचारलं होतं.

"त्यांना लागतं," एवढंच उत्तर मिळालं होतं.

गुरुजींनी आता घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या का? शास्त्रात सोय आहे."

"नको," मंजुषा म्हणाली. शेखरची ही थोरली बहीण मनमाडहून आली होती आणि आल्यापासून नाकाला पदर लावूनच घरात वावरत होती. "आप्पांचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेखर, जनावरांचं बोल."

शेखर पिंडाजवळचा दर्भ उगाच सारखा करत राहिला.

"बोल ना! त्या घाणीत श्वास कोंडला त्यांचा. दमा काय उगाच वाढला?"

उज्वलाला दिसलं, यमी परक्या जागी भिंतींवर आपटत फिरेल. रिक्षाला तर दारातून ओढूनच न्यावं लागेल. पण सासऱ्याच्या पिंडासमोर सुनेनं नाही म्हणायचं तरी कसं?

"आप्पा," शेखर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जनावरं उद्याच पांजरपोळात पोचवतो. सगळी."

पत्र्यावरून एक कावळा खाली उतरला. तो टुणटुण पुढे आला, मान वाकडी करून त्यानं पिंडाकडे पाहिलं आणि उडून परत पत्र्यावर जाऊन बसला.

"मनापासून नाही बोललास. पुन्हा बोल," मंजुषा म्हणाली.

"थांबा जरा."

साळूबाई उठल्या. एवढ्या दिवसांत त्या स्वतःहून पहिल्यांदाच बोलत होत्या. पिशवीतून त्यांनी तोच पितळी डबा काढला, पिंडावर थोडा दहीभात वाढला आणि झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून हातातल्या पळीनं दोनदा ठोकलं. टण. टण.

"अहो," त्या धुक्याकडे बघत म्हणाल्या, "जनावरं कुठं जायची नाय. उज्वला करील त्यांचं, कुणी आडवं येणार नाय. आता खावा बघू."

नदीच्या अंगाचं धुकं हललं. पत्र्यावरचे जागेवरच राहिले. पाण्याकडून एक वेगळाच कावळा आला, थेट पिंडावर बसला आणि त्यानं दहीभातात चोच खुपसली.

गुरुजींचे हात आपोआप जोडले गेले. मंजुषा मटकन खाली बसली. "चुकले हो आप्पा," ती हुंदके देत म्हणाली. "राहू देत सगळी. कुणी हात लावणार नाही त्यांना."

शेखरनं डोळे पुसले आणि दहा दिवसांत पहिल्यांदा बायकोकडे नीट पाहिलं. उज्वला मात्र कावळ्याच्या पायाकडे बघत होती. डावा पाय. वाकडा.

परतताना तिनं सासूबाईंचा हात धरला. बाकीची मंडळी पुढे धुक्यात दिसेनाशी झाली होती.

"आई, तो आपला वकील होता ना?"

"त्यांचं रोजचं गिऱ्हाईक," साळूबाई पायरी चाचपत म्हणाल्या. "डबा दोनदा वाजला की येतो."

उज्वला जागीच थांबली. "मग आधीच का नाही वाजवलात? माझा जीव जायची वेळ आली होती!"

साळूबाईंनी डबा पदराखाली घेतला.

"कसा वाजवू? मंजीनं जनावरांचं काढल्याबिगर वाजवायचा नाय, असं बजावून गेलेत ते."