पिवळी पट्टी, पिस्ता पट्टी

"आधी लोकर खुंटीभवती फिरव. लय आवळायची न्हाई. परत एकदा फिरव, आनि आकड्यानं खालचा फास उचलून वरच्या फासावरनं मागं टाक. झाला टाका."

गुणमालाने ती खुंट्यांची लांबट प्लॅस्टिकची चौकट राजेश्वरीच्या मांडीवर ठेवली. राजेश्वरीने हात पुढे केला नाही.

"मला न्हाई जमायचं, ताई."

"न जमू दे. हाताला तेवढाच चाळा."

सांगलीच्या त्या इस्पितळात आयांना राहायला एक खोली होती. भिंतीपलीकडे काचेच्या पेट्यांत दोघींची बाळं होती, दोन्ही वेळेआधी आलेली. आष्ट्याच्या गुणमालाचा मुलगा आणि कडेगावच्या राजेश्वरीची मुलगी. मुलगी एवढीशी, की अंगापेक्षा नळ्याच जास्त दिसायच्या. राजेश्वरीने तिला एकदा बघितलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा ऋषिराज फौजेत, लडाखला. सुट्टी मिळत नव्हती आणि फोनही धड लागत नव्हता.

सोबतीला सासू होती, मनुबाई. ती डबा आणायची, दाराशी बसायची, पण काचेपाशी एकदाही गेली नाही. राजेश्वरीच्या मांडीवर लोकर दिसली तशी तिच्या कपाळाला आठी पडली.

"ठेव ते. अजून बारसं न्हाई, काय न्हाई. आत्ताच कशाला इनत बसलीयास? जीव लावू नगं एवढा."

पोरगी झाली म्हणून म्हातारी अशी बोलते, हे राजेश्वरीने मनाशी पक्कं केलं. आणि निव्वळ त्या रागापोटी तिने आकडा उचलला.

पहिल्या ओळी वेड्यावाकड्या आल्या. एखादा फास खुंटीवरून निसटायचा आणि खालपर्यंत उसवत जायचा. गुणमाला तो आकड्याने वर ओढून द्यायची. तिची स्वतःची पिस्ता रंगाची पट्टी विणून झाली होती. चौकट अरुंद. एका पट्टीत बाळ मावायचं नाही; दोन पट्ट्या जोडल्या की छोटंसं पांघरूण होणार होतं.

"दुसरी तू कर, पिवळी," गुणमाला म्हणाली होती. "ज्येचं बाळ आदी घरी जाईल, पांघरूण त्येचं."

विणता विणता राजेश्वरी पेटीपाशी जाऊन उभी राहू लागली. आधी दारातून, मग काचेला कपाळ टेकवून. मुलीची बोटं हलायची. पट्टी हातभर झाली, तेव्हा गुणमालाने ती खुंट्यांवरून सोडवून कडा बंद कशी करायची तेही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणमालाची खाट रिकामी होती. तिचा नवरा गोमटेश पिशवीत कपडे भरत होता. त्याने राजेश्वरीकडे बघितलंच नाही, आणि तिला कळलं.

गुणमाला आली ती सरळ तिच्याजवळ येऊन बसली. डोळे कोरडे होते.

"आन तुजी पट्टी. जोडायचं ऱ्हायलंय."

"ताई, आता कशाला..."

"आन म्हनलं न्हवं!"

तिने दोन्ही पट्ट्या कडेला कड लावून मांडीवर पसरल्या. जाड सुईत लोकर ओवली. "हिकडचा एक फास घ्यायचा, तिकडचा एक घ्यायचा. वढायचं, पन बेतानं. जास्त वढलं की चुन्या पडत्यात." एक इकडचा, एक तिकडचा, एक इकडचा. अर्ध्यावर आल्यावर तिची सुई थांबली. पिस्ता पट्टीवरून तिने एकदा तळवा फिरवला. दारातून गोमटेश म्हणाला, "चल गुणमाला, माती द्यायला मानसं थांबल्यात." तशी ती उठली आणि मागे न बघता निघून गेली.

राजेश्वरी तिथेच बसून राहिली. अर्धं जोडलेलं, सुई लोंबत असलेलं पांघरूण मांडीवर. एवढ्यात नर्स आली. "चला, आज बाळाला पेटीबाहेर काढतोय. छातीशी धरून बसायचं. आईच्या उबेनं बरं वाटतं त्यांना."

"मला नगं," राजेश्वरी म्हणाली. "न्हाई घ्यायचं मला."

"अहो, पण..."

"न्हाई म्हनलं न्हवं! त्येला बी तिनं छातीशीच घेतलेलं. मी बघितलंय. गेलाच न्हवं त्यो? माज्यानं न्हाई व्हनार. राहू द्या तिला काचेतच."

नर्स गोंधळून मनुबाईकडे बघू लागली. मनुबाई दारापासून उठली, गुडघ्यावर हात टेकत आली आणि खाली बसली. आता शिव्या पडणार, गेलेल्या पोराची पट्टी आधी फेकून दे म्हणणार, म्हणून राजेश्वरीने पांघरूण पाठीमागे ओढलं.

मनुबाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं. सुई धरली. एक फास इकडचा, एक तिकडचा. तिची वाकडी झालेली बोटं भराभर चालत होती, पण शिवण कुठेच ओढली जात नव्हती. शेवटाला तिने गाठ मारली, लोकर दाताने तोडली आणि पांघरूण सुनेच्या खांद्यावर टाकलं.

"ऊठ. घे जा तिला."

राजेश्वरीचा बांध फुटला. "आवं आत्ती, तुमीच म्हनत हुता न्हवं, काय इनू नगं, जीव लावू नगं? मग आता कुठल्या तोंडानं घे म्हनताय?"

मनुबाईने तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. मग स्वतःचे पुसले.

"म्हनत हुते," ती म्हणाली. "ऋषीच्या आदी दोन कुंच्या शिवल्या हुत्या मी. दोनी अजून ट्रंकंत हायत, घडी न मोडलेल्या."