स्वयंपाकघरातला फोन

इंटरनेटवरून फोन जोडणारे सर्व्हर शिकायचे आणि पुण्यात नोकरी बघायची, म्हणून संगमनेरच्या रॉबिनने घरातच प्रयोगशाळा मांडली. भंगारातला एक कॉम्प्युटर आणि कुठल्याशा बंद ऑफिसातले दोन जुने फोन. एक त्याच्या टेबलावर, दुसरा स्वयंपाकघरात. त्याच्या बायकोने, एंजेलाने, फोन उचलून ऐकू येतं का एवढंच सांगायचं.

"हॅलो, येतंय का ऐकू?"

"काहीच ऐकू येईना," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र त्याला स्पष्ट येत होता. आवाज एकाच बाजूने जाणं हा या कामातला नेहमीचा बिघाड. तो सेटिंग तपासू लागला. तिने फोन ठेवला नाही.

"तुम्हाला पण ऐकू येत नसेल, म्हणून बोलते. आपल्या आराधनाच्या पाळण्याच्या जागी तुम्ही हे टेबल लावलं. तिची माती झाल्यापासून एकदा नाव घेतलं नाही तिचं. बाप्तिस्म्यासाठी शिवलेला झगा मी तिला पेटीत ठेवताना घातला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

रॉबिन ऐकत राहिला. मग रोज तेच. तो फोन लावायचा, ती ऐकू येत नाही म्हणायची आणि बोलत राहायची. बिघाड काही सापडेना.

शनिवारी ती म्हणाली, "तुमचं हॅलो मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. वाटायचं, आज तरी काही बोलाल."

रॉबिनने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"म्हणजे सेटिंग बरोबरच होतं," तो म्हणाला.