इस्कोकाकांची शिट्टी

मनिलाबाहेरच्या वस्तीतल्या बास्केटबॉल कोर्टवर तीन दिवस अंत्यदर्शनासाठी इस्कोकाकांची शवपेटी ठेवली होती. काकांनी चाळीस वर्षं इथेच पंचगिरी केली होती.

पलीकडच्या बास्केटवर अर्नेल फ्री थ्रो घोटत होता. सकाळपासून ट्रायसिकल, म्हणजे भाड्याची तीनचाकी, चालवून त्याचे खांदे भरून आले होते. पण आज सलग दहा पडले नाहीत, तर कप्तान त्याला उद्याच्या अंतिम सामन्यात खेळवणार नव्हता.

"आवाजाचा त्रास होतोय का, काकू?"

"टाक रे! जन्मभर यांनी दुसरं ऐकलंय काय?" कॉफी ओतत लुमिंगकाकू म्हणाल्या.

नऊ पडले. दहावाही पडला, आणि शिट्टी वाजली.

"रेषा तुडवली असशील," काकू मान वर न करता म्हणाल्या.

खरंच, अर्नेलचा अंगठा रेषेवर होता.

"काकू, शिट्टी कुणाकडे आहे?"

"यांच्याच गळ्यात. पेटीच्या काचेखाली."

अर्नेलने पुन्हा एकपासून सुरुवात केली. रडतखडत नऊ झाले. दहाव्याला हात उचलेना. फ्री थ्रोला पाचच सेकंद मिळतात, नाहीतर पंच शिट्टी मारतो.

चार सेकंद झाले. काकूंनी किटली खाली ठेवली आणि दोन्ही कान घट्ट दाबून धरले.