अर्धी दाढी

पेंटर दाढीला बसला होता. अर्धी दाढी झाली आणि वस्तरा थांबवून सलूनवाला लाडात आला. “पेंटरदादा, एवढी पाटी रंगवून द्या की. पैशांचं काय घेऊन बसलात? भर चौकातलं दुकान, शेकडो लोक बघतील, तुमचंच नाव होईल!” असल्याच बोलण्याला भुलून पेंटरने दवाखान्याची, शिकवणीची, चपलांच्या दुकानाची पाटी रंगवली होती. नाव झालंही होतं, फुकटवाला पेंटर! आता तो शांतपणे उठला आणि एका गालावरचा फेस तसाच ठेवून बाहेर पायरीवर उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाल दाखवत ओरडू लागला, “बघा, दाढी इथे केली! होऊ द्या यांचंही नाव!” चौक खोखो हसला. सलूनवाला टॉवेल घेऊन धावला. “अहो, आत चला! पाटीचे किती?” पेंटर खुर्चीत बसला. “आधी दाढी पुरी करा. तिचे मी रोख देतो, नुसतं नाव नाही.”