कानात धरलेली नळी

रबरी नळीचं एक टोक कानात धरून दस्तगीर मिस्त्री दुसरं टोक चालू इंजिनाच्या पाइपांवरून हळूहळू फिरवत होते. पाइपाला कुठे चीर पडून इंजिन हवा खेचत असलं, की तिथे बारीक सूं सूं आवाज यायचा. बाकीचे मिस्त्री एकेक पार्ट बदलून बघायचे. दस्तगीर नुसतं ऐकून बोट ठेवायचे. या कानांवरच त्यांचं मिरजेतलं गॅरेज चाललं होतं.

आज काहीच ऐकू येईना. गाडी मात्र जागेवर थरथरत होती. त्यांनी कान बदलला. नळी तुंबली असेल म्हणून फुंकून पाहिली. तळहाताला वारा लागला.

"अहो मिस्त्री, हे काय इथं!" गाडीच्या मालकीण चौगुलेबाई वाकून म्हणाल्या. "केवढं सूं सूं करतंय. मला लांबून ऐकू येतंय की!" त्यांनी चिरेवर बोट दाबलं. थरथर थांबली.

"बोट काढा," नळीचं टोक चिरेशी नेत मिस्त्री म्हणाले. गाडी थरथरली. "ठेवा." गाडी शांत झाली. "काढा."

"सापडलंय ना आता? टाका पाइप बदलून," बाई हसल्या. "किती वेळा बघणार?"

नळी कानात रुतेल इतकी दाबून धरत मिस्त्री पुन्हा म्हणाले, "काढा."