पक्का इथला ट्रॅव्हिस

सगळ्या कामगारांचे या देशात राहण्याचे कागद तपासा, नाहीतर कॉलेजचा सरकारी पैसा बंद, असा हुकूम आला आणि आमच्या ओहायोच्या कॉलेजात पहिला नंबर कँटीनचा लागला. माझी आई तिथे भांडी धुते, म्हणून शाळा सुटल्यावर मी तिथेच असते. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं!

कागद तपासणाऱ्या संगणकानं आचारी युसेबियोकाकांचं नाव नाकारलं, तसे ते मागच्या दाराकडे पळाले. रखवालदार ट्रॅव्हिसनं त्यांची मान धरून गाल तापलेल्या तव्यावर दाबला. कातडी चरचरली. मग हात असा पिरगाळला की खांदाच निखळला.

"अरे, माणूस आहे तो!" आई किंचाळली.

"परका आहे तो, मावशी! आमचे आजोबा इथल्या सैन्यात, बाबाही सैन्यात. आम्ही पक्के इथले!" ट्रॅव्हिस हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रखवालदारांचे कागद तपासले.

 

दुपारी ट्रॅव्हिस फरशीवर रक्ताळलेल्या तोंडानं पालथा पडला होता, पाठीवर पोलिसाचा गुडघा होता आणि बातमी कळताच धावत आलेली त्याची ऐंशी वर्षांची आई हात जोडून रडत होती, "अहो, जर्मनीहून दत्तक आणला तेव्हा तान्हा होता हो! दत्तक घेतला की पोर आपोआप इथलं होतं, असंच वाटलं आम्हाला!"